हायड्रोजन घरात आला तर जाळी कुठं हवी?

रविवारी सकाळी जिन्याखाली बसून इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत होतो. वरच्या मजल्यावरच्या काकू मंडईतून भाजी घेऊन आल्या, पिशवी पायरीवर टेकवली आणि म्हणाल्या, "अरे, आमचं पोरगं राहतंय तिकडं स्कॉटलंडला, घरं तापवायला नळानं हायड्रोजन द्यायलेत म्हणे. बॉम्बमधलाच ना तो? नको म्हणून सांगू का त्याला?"

मी हातातली बाटली वर केली. "काकू, हे पाणी मी दर दोन-तीन महिन्यांनी घालतो. ते जातं कुठं?" थोडं वाफ होऊन उडतं. बाकीचं चार्जिंग चालू असताना फुटतं आणि त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात. म्हणजे आपल्या जिन्याखाली इतकी वर्षं हायड्रोजन तयार होतोच आहे. हे ऐकून काकू दोन पावलं मागं सरकल्या. त्यांना हसायचं कारण नाही. बॅटरी बंद कपाटात कोंडून ठेवली तर हाच वायू साठतो आणि ठिणगी पडली की कपाटाचं दार उडवतो. जिना उघडा आहे म्हणून आजवर काही झालं नाही. काकूंना तिथं सांगितलं ते एवढंच. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आणखीही दोघा-तिघांनी विचारलाय.

घर तापवायचं म्हणजे काय?

सोलापुरात बसून 'घर तापवणं' हा शब्द वाचला की हसू येतं. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचाच गीझर झालेला असतो. ब्रिटनमध्ये मात्र दहातल्या आठांहून जास्त घरांत गॅसचा बॉयलर असतो. बॉयलर म्हणजे आपला बंबच समजा, फक्त भिंतीवर टांगलेला आणि लाकडांऐवजी नळीतून येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर चालणारा. त्यातलं गरम पाणी प्रत्येक खोलीतल्या लोखंडी पाट्यांमधून फिरतं आणि खोली उबदार होते. आंघोळीचं पाणीही तोच तापवतो.

नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोजन जळला की पाणी होतं. म्हणून तिकडं कुणाच्या तरी डोक्यात आलं की नळ्या त्याच ठेवाव्यात, बॉयलर बदलावेत आणि आतला गॅस बदलावा. काकूंचा मुलगा राहतो त्या फाइफ भागात, बकहेवन आणि मेथिल या गावांत, सुमारे ३०० घरांसाठी असा प्रकल्प आखला गेला. त्यासाठी जुन्या नळ्यांच्या शेजारून वेगळ्या नळ्या टाकायच्या आणि जोडणी घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असा तो बेत.

बॉम्बचा प्रश्न इथंच मिटवतो. हायड्रोजन बॉम्बमध्ये अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात आणि त्यासाठी आधी एक अणुबॉम्ब फोडावा लागतो. स्वयंपाकघरात तसलं काही होऊ शकत नाही. नाव एक असलं तरी कुळी वेगळी आहे.

ताक सांडतं, धूप चढतो

खरी गोष्ट वजनाची आहे. आपल्या सिलिंडरमधला गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की सांडलेल्या ताकासारखा फरशीवर पसरतो आणि ओट्याखाली, कोपऱ्यात, उंबऱ्याशी साठतो. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला खाली, फरशीलगत जाळी ठेवायला सांगतात. हायड्रोजन हवेपेक्षा जवळजवळ १४ पट हलका. तो देव्हाऱ्यातल्या धुपासारखा सरळ वर चढतो आणि छताला जाऊन टेकतो.

उघड्यावर गळला तर हा हलकेपणा वरदान ठरतो, बघता बघता गॅस आभाळात निघून जातो. बंद छताखाली तोच हलकेपणा अंगाशी येतो. २०११ च्या मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्टीच्या इमारतीचं छप्पर उडालेलं आपण टीव्हीवर पाहिलं होतं. तो अणुस्फोट नव्हता. आत तयार झालेला हायड्रोजन वरच्या मजल्यात कोंडला आणि पेटला.

आता आपल्याकडच्या नव्या फ्लॅटची बैठक डोळ्यांसमोर आणा. खिडकीचा वरचा भाग काचेनं बंद, छताला पीओपीची नक्षी आणि तिच्या मागं हातभर पोकळी. एलपीजीला ही पोकळी कधी सापडायची नाही. हायड्रोजन पहिल्यांदा तिथंच जाईल.

पेटायला उतावळा, पण किती?

गॅस हवेत अगदी कमी असला तर पेटत नाही आणि फारच जास्त असला तरी पेटत नाही. या दोन टोकांमधल्या टप्प्याला ज्वलनमर्यादा म्हणतात. एलपीजीची ज्वलनमर्यादा साधारण २ ते ९ टक्के, मिथेनची ५ ते १५ टक्के आणि हायड्रोजनची ४ ते ७५ टक्के. हा शेवटचा आकडा वाचून माणूस दचकतो, आणि दचकावंच. मिथेन खोलीत फार साठला तर तो पेटण्याच्या टप्प्याच्या पलीकडं निघून जातो. हायड्रोजन तसा सहजासहजी जात नाही.

दुसरा आकडा ठिणगीचा. हायड्रोजन पेटायला जी किमान ठिणगी लागते ती मिथेनच्या ठिणगीच्या चौदाव्या भागाइतकी असते. हा आकडा मात्र लोक फारच रंगवून सांगतात असं माझं मत आहे. दिव्याचं बटण दाबताना उडणारी ठिणगी किंवा नायलॉनचा शर्ट काढताना बसणारा चटका या दोन्हींत मिथेन पेटवण्याइतकी ताकद असतेच. घर ठिणग्यांनी भरलेलंच आहे. योग्य टप्प्यात साठलेला कुठलाही गॅस तिथं फार वेळ न पेटता राहील या भरवशावर कुणी बसू नये.

तिसरा आकडा वेगाचा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. हायड्रोजनची ज्वाळा मिथेनच्या ज्वाळेपेक्षा सातपट तरी वेगानं पुढं सरकते. गवताची गंजी पेटते तशी मिथेनची आग पसरते असं धरलं, तर हायड्रोजनची आग सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकामाची माळ पेटते तशी पळते. वेग वाढला की दाब वाढतो आणि दाबानं भिंती पडतात.

ज्वाळा दिसतही नाही नीट. दिवसा उजेडात ती जवळजवळ अदृश्य असते. गॅसला वासही नाही. पण वास एलपीजीलाही मुळात नसतोच. सडक्या कोबीसारखा येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि तसाच हायड्रोजनमध्येही मिसळता येतो.

धोका मोजतात कसा?

'सुरक्षित आहे का?' या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देणारा माणूस दिसला की त्याच्यापासून लांब राहावं. धोका मोजायचा तर साखळी धरावी लागते. गळती किती वेळा होते? झाली तर गॅस किती साठतो? साठला तर पेटण्याची शक्यता किती? पेटला तर किती माणसांना इजा होते? या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि तोच हिशोब आजच्या गॅससाठीही करून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. नव्या गॅसची तुलना शून्य धोक्याशी करून उपयोग नाही, कारण आजचा गॅसही माणसं मारतोच.

ब्रिटन सरकारच्या 'हाय-फॉर-हीट' कार्यक्रमात २०२१ मध्ये असा हिशोब मांडला गेला. सगळ्या घरांत नैसर्गिक गॅस असेल तर वर्षाला सुमारे ९ स्फोट आणि १७ जखमी. गॅसच्या जागी हायड्रोजन आणला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर ३९ स्फोट आणि ६५ जखमी. म्हणजे जवळजवळ चौपट. घरात जादा गॅस आपोआप थांबवणाऱ्या दोन झडपा बसवल्या तर २६ स्फोट आणि १६ जखमी.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. स्फोट अजूनही जवळजवळ तिप्पट आहेत, जखमी मात्र आजच्याइतकेच. बाजू घेणारे १६ चा आकडा दाखवतात, विरोध करणारे २६ चा. खोटं कुणीच बोलत नाही.

मोठी गळती आणि लहान गळती

हे कोडं सुटतं ते गळतीच्या आकारानं. नळीच्या सांध्यातून बारीक फुसफुस चालू असेल, तर हायड्रोजन छतापाशी ७-८ टक्क्यांपर्यंत साठेल. एवढ्यात तो पेटला तर भपका होतो, केस-भुवया करपतात, पण भिंत सहसा पडत नाही. साठा १५ टक्क्यांच्या वर गेला की गोष्ट झपाट्यानं बदलते आणि ३० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात वाईट स्फोट होतो. मिथेन त्या टोकाला जाऊच शकत नाही, त्याचा कळस साडेनऊ टक्क्यांवरच होतो. म्हणजे लहान गळतीत दोन्ही गॅस जवळपास सारखे, मोठ्या गळतीत हायड्रोजन कितीतरी वाईट.

मग मोठी गळती होऊच द्यायची नाही. जादा-प्रवाह झडप हेच काम करते. विजेच्या पाटीवरचा एमसीबी जसा भार वाढला की खट्कन पडतो, तशी ही झडप नळीतून ठरल्यापेक्षा जास्त गॅस वाहू लागला की आपोआप बंद होते. एक रस्त्यावरून घरात येणाऱ्या नळीवर, दुसरी मीटरपाशी. कुणी भिंतीत खिळा ठोकताना नळी फोडली, तर गॅस तिथल्या तिथं थांबतो. बारीक फुसफुस मात्र झडपेला कळत नाही. तिच्यासाठी वेगळा उपाय आहे आणि तो वाचताना मला आजोळची आठवण झाली.

साणं

ज्या खोलीत गॅसचं उपकरण आहे तिथं बंद करता येणार नाही अशी जाळी हवी, असं 'हाय-फॉर-हीट'च्या त्याच हिशोबाच्या अहवालात म्हटलंय. तिचं मोकळं क्षेत्र १०,००० चौरस मिलिमीटर आणि जागा छतापासून अर्ध्या मीटरच्या आत. आकडा केवढा तरी वाटतो, पण तो होतो १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद. तळहाताएवढा.

आजोळी धाब्याचं घर होतं. मातीच्या छतात चुलीच्या वर एक भोक ठेवलेलं असायचं, साणं म्हणायचे त्याला. धूर तिथून जायचा, उजेड तिथून यायचा, आणि पावसाळ्यात आजी त्यावर फुटकं घमेलं पालथं घालायची. हायड्रोजनसाठी याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही. आपण स्लॅबची घरं बांधली, साणं गेलं, आणि एलपीजी आला तेव्हा जाळी खाली सरकली. हायड्रोजन आला तर ती पुन्हा वर न्यावी लागेल.

पण त्या हिशोबाची एक मर्यादा इथं सांगितली पाहिजे. तो विटा-दगडांच्या सुट्या, जोड किंवा रांगेतल्या घरांपुरताच होता. एकावर एक मजले असलेल्या इमारती त्यात धरलेल्या नव्हत्या. त्यामुळं जुळे सोलापुरातल्या एखाद्या अपार्टमेंटला ते १६ आणि १७ चे आकडे लावणं म्हणजे शेजारच्याच्या मापाचा सदरा घालणं. खालच्या घरातली गळती वरच्याच्या फरशीखाली साठेल का, जिन्याच्या डोक्यावर काय होईल, लिफ्टच्या विहिरीचं काय, हे प्रश्न वेगळे आहेत.

'पूर्वी होताच की हायड्रोजन नळात!'

हा आक्षेप अभ्यासू लोक घेतात आणि तो अर्धा खरा आहे. नैसर्गिक गॅस येण्याआधी शहरांना कोळशापासून काढलेला गॅस मिळायचा आणि त्यात साधारण निम्मा हायड्रोजन असे. मुंबईतले रस्त्यावरचे जुने दिवे असल्याच गॅसवर जळायचे. ब्रिटननं १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरी जाऊन शेगड्या बदलल्या आणि मिथेन आणला. हाँगकाँगमध्ये आजही शहरी गॅसमध्ये जवळजवळ निम्मा हायड्रोजन असतो.

यावरून इतकंच ठरतं की हायड्रोजन असलेला गॅस नळातून नेता येतो. निम्मा म्हणजे पूर्ण नव्हे. कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड होता आणि त्या विषानं माणसं मेली. तो काळ सुरक्षित होता म्हणून त्याची साक्ष काढायची सोय नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा विषय निघालाच आहे तर हायड्रोजनच्या बाजूचा एक मुद्दाही मांडायला हवा. हायड्रोजन जळताना हे विष तयार होऊच शकत नाही, कारण इंधनात कार्बनच नाही. आपल्याकडं लहानशा बाथरूममध्ये गॅस गीझर लावतात, थंडीत खिडकी बंद करतात आणि आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तो मृत्यू हायड्रोजनच्या गीझरनं होणार नाही. गरम ज्वाळेत हवेतल्याच नायट्रोजनपासून त्रासदायक ऑक्साइड मात्र तयार होतात, ते या गॅसलाही चुकलेले नाहीत.

'यात्रेतल्या फुग्यांचे सिलिंडर फुटतात त्याचं काय?'

फुटतात, आणि त्यातला बराचसा दोष सिलिंडरचा असतो. काही फुगेवाले जुन्या सिलिंडरात कॉस्टिक सोडा, पाणी आणि अॅल्युमिनियमचे तुकडे टाकून जागच्या जागी हायड्रोजन बनवतात. ही क्रिया प्रचंड तापते. आत दाब किती झाला हे कळायला मीटर नसतो, जास्त झाला तर सोडायला झडप नसते आणि पत्रा आतून सोड्यानं खाल्लेला असतो. पोरांना घेऊन गेलात तर त्या सिलिंडरपासून चार हात लांब थांबा, एवढं जाता जाता सांगतो.

परदेशातही गोष्ट फार वेगळी नाही. नॉर्वेत ओस्लोजवळ २०१९ मध्ये हायड्रोजन भरण्याच्या एका पंपावर स्फोट झाला. चौकशीत निघालं काय, तर उच्च दाबाच्या टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते.

म्हणून मला वायूच्या गुणधर्मांपेक्षा मिस्त्रीची जास्त काळजी वाटते. हायड्रोजनचा रेणू सगळ्यात लहान, सांधा जरा कच्चा असला तरी वाट काढतो. काही प्रकारचं पोलाद उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये हळूहळू ठिसूळ होतं. घरगुती पुरवठ्याच्या कमी दाबाला पिवळ्या पॉलिथिलिनच्या नळ्या चालतात, आणि ब्रिटननं जुन्या बिडाच्या नळ्या काढून तशा नळ्या टाकायचं काम २००२ पासूनच चालवलंय. पण नळी कितीही चांगली असली तरी शेवटचा आटा माणूसच फिरवतो. चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी अर्धं रस्त्यावरच वाहून जातं, अशा शहरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

'थोडा थोडा मिसळला तर?'

आपल्याकडं हेच चालू आहे. सुरतजवळ एनटीपीसीच्या कवास वसाहतीत जानेवारी २०२३ पासून स्वयंपाकाच्या नळाच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला जातो, सुरुवात ५ टक्क्यांनी झाली. ब्रिटनमध्ये कील विद्यापीठाच्या आवारात आणि नंतर विनलेटन गावातल्या ६६८ घरांत २० टक्क्यांपर्यंत मिसळून पाहिला. शेगड्या, बॉयलर बदलावे लागले नाहीत. एवढ्या प्रमाणात मिश्रण मिथेनसारखंच वागतं, म्हणून धोका फारसा वाढत नाही.

आणि फायदाही फारसा होत नाही. तेवढ्याच जागेत हायड्रोजनची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असते. २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी कार्बन जेमतेम ७ टक्क्यांनी कमी होतो. दुधात पाणी घातल्यावर माप वाढतं, साय वाढत नाही.

मग घोडं अडलंय कुठं?

सुरक्षिततेवर अडलंय असं अनेकांना वाटतं. गाडी रुतली ती दुसऱ्याच चिखलात. इंग्लंडमध्ये व्हिटबी नावाच्या वस्तीतला प्रयोग जुलै २०२३ मध्ये रद्द झाला, तिथं रहिवाशांचा कडक विरोध होता. रेडकारचा डिसेंबर २०२३ मध्ये गेला, कारण जवळपास पुरेसा हायड्रोजनच मिळेना.

एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो जाळला की हाती येते साधारण ३३ युनिट उष्णता. तीच वीज थेट साध्या गीझरला दिली तर एका युनिटला जवळजवळ एक युनिट उष्णता मिळते. आणि उष्णतापंप, म्हणजे उलटा चालवलेला एसी, बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढून एका युनिटला तीन युनिटं देतो. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या वीजकेंद्रात कोळसा जाळायचा, त्याची वीज करायची, विजेनं पाणी फोडायचं, निघालेला वायू नळानं घरी आणायचा आणि तो जाळून पुन्हा पाणीच तापवायचं. याला आपण द्राविडी प्राणायाम म्हणतो. वीज सौर असली तरी प्राणायाम तोच. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर काळ्या नळ्यांचा सोलर बंब बसवला की आंघोळीचा प्रश्न मिटतो, मधल्या चारही पायऱ्या लागत नाहीत.

केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. हा हायड्रोजन मुख्यतः खत, तेलशुद्धीकरण, पोलाद अशा कामांसाठी आहे, जिथं दुसरा सोपा मार्ग नाही. तिथं प्रशिक्षित माणसं असतात, गॅस हुंगणारी यंत्रं असतात, कुंपण असतं. मला ते पटतं. घराघरात तो आणायची घाई मला पटत नाही. घर उडेल ही भीती त्यामागं कमी आहे. लाखो घरांतल्या लाखो जाळ्या कायम उघड्या राहतील यावर माझा भरवसा नाही, हे कारण मोठं आहे.

एवढं सगळं काकूंना सांगितलं नव्हतं, पण जाळीचं तेवढं नंतर सांगितलं होतं. संध्याकाळी त्या मोबाईल घेऊनच खाली आल्या. पडद्यावर मुलगा होता. त्याच्याकडं अजून नैसर्गिक गॅसच आहे, पण स्वयंपाकघराच्या भिंतीत शेगडीच्या वर जाळी आहे, ती त्यानं कॅमेऱ्यात दाखवली. जाळीत काहीतरी निळं-पांढरं कोंबलेलं दिसत होतं. थंडीत तिथून बोचरं वारं येतं म्हणून डिसेंबरात कोंबलं, म्हणाला.

काकूंनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. "अगं बाई, हा तर आपल्या अशोक चौकातला टॉवेल! निघताना डझनभर दिले होते. काढ आधी तो तिथनं."